पडद्याच्या कोपऱ्यातील अक्षर : एका पुस्तिकेची प्रस्तावना

हातातील मोबाइलच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, बॅटरीच्या खुणेला खेटून जे एखादे रोमन अक्षर किंवा एखादा आकडा बारीक ठशात उमटलेला असतो, त्याकडे आपण दिवसातून कितीतरी वेळा पाहतो, त्याच्यावरून आपल्या अपेक्षा बांधतो आणि प्रसंगी त्याच्यावर चडफडतोही. परंतु ते अक्षर तेथे कोणी लिहिले, कोणत्या अधिकाराने लिहिले, आणि लिहिणाऱ्याला त्यातून नेमके काय सांगावयाचे होते, याची चौकशी करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. 'टॉवर फुल्ल दाखवतोय, पण नेट चालत नाही', ही तक्रार वाशीच्या स्थानकात, नेरुळच्या भाजीबाजारात, खारघरच्या सोसायट्यांत आणि पनवेलच्या एस. टी. आगारात सारख्याच शब्दांत ऐकू येते. आणि ती करणारा मनुष्य असे गृहीत धरून चाललेला असतो की, पडद्यावरची खूण हे एक मोजमाप असून ते खोटे ठरत आहे. प्रस्तुत पुस्तिकेचे प्रतिपाद्य थोडक्यात सांगावयाचे तर ते असे की, ती खूण हे सेवा पुरविणाऱ्याचे निवेदन होय, आणि कोणतेही निवेदन जसे ते करणाऱ्याची भूमिका, त्याची सोय आणि त्याचा स्वार्थ ध्यानात घेऊन वाचावयाचे असते, तसेच हेही वाचले पाहिजे.

नेरुळमधील एका ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर काही सायंकाळी मी बोललो, त्या बोलण्याची टिपणे या पुस्तिकेच्या मुळाशी आहेत. श्रोत्यांपैकी बहुतेक जण टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहिलेले आणि ट्रंक कॉल लावून तासन्‌तास खोळंबलेले. त्यांना यंत्राचे भय वाटत नव्हते, राग होता तो संदिग्धतेचा. उभा जन्म सरकारी दप्तरात काढलेल्या एका गृहस्थांनी मला विचारले, "अहो, दाखला खरा की खोटा ते मागाहून पाहू, त्याच्यावर सही कोणाची आहे ते आधी सांगा." हा प्रश्न मला इतका मार्मिक वाटला की, पुढील प्रकरणांची मांडणी मी त्याच्याच अनुरोधाने केली आहे.

हा विषय नवी मुंबईत बसून लिहिण्यात एक औचित्यही आहे. १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडील जुळ्या नगराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी ते वसविण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. आणि ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमीवर, तेथील आगरी-कोळी रहिवाशांच्या शेतांतून आणि मिठागरांतून, नव्या शहराचे सेक्टर आखले गेले. आखणाऱ्यांनी रस्ते, रेल्वे, पाणी, सांडपाणी या सर्वांचा विचार केला. तारेवाचून बोलणाऱ्या यंत्राचा विचार त्या काळी कोणी करण्याचे कारणच नव्हते. तथापि पुढे असा योग आला की, ठाणे-बेलापूर मार्गावरील कारखान्यांच्या रांगेतच देशातील दोन मोठ्या मोबाइल जाळ्यांची मुख्यालये उभी राहिली, आणि त्या दोहोंचा इतिहास पाहिला की पडद्यावरील अक्षराचा निम्मा अर्थ तेथेच उलगडतो.

पहिले मुख्यालय कोपरखैरण्याचे. रिलायन्स इन्फोकॉमची सेवा २८ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाली ती सीडीएमए नामक पद्धतीवर. तिच्या हँडसेटवर '१एक्स' अशी खूण उमटे, आणि पुढील वर्षीच्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून तो हँडसेट घरी नेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या खुणेकडे लक्ष दिले असेल. त्याहून उद्बोधक आहे ती त्या सेवेच्या परवान्याची कथा. परवाना मर्यादित संचाराचा होता. म्हणजे घरातील तारेच्या टेलिफोनला एक बिनतारी पर्याय म्हणून ग्राहकाने हा फोन वापरावा आणि आपल्या आकारणी-क्षेत्राच्या, ढोबळमानाने बोलावयाचे तर आपल्या तालुक्याच्या, हद्दीतच तो घेऊन फिरावे, अशी त्यात शर्त होती. यंत्राला तालुक्याची हद्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती ठाऊक होती दप्तराला. जीएसएम पद्धतीच्या कंपन्यांनी, ज्यांनी पूर्ण संचाराच्या परवान्यासाठी अधिक रक्कम मोजली होती, हरकत घेतली. प्रकरण न्यायाधिकरणात आणि सर्वोच्च न्यायालयात फिरले. आणि नोव्हेंबर २००३ मध्ये एकीकृत परवान्याची तरतूद झाली तेव्हा कोठे ही शीव पुसली गेली. तंत्र काय करू शकते आणि परवाना काय करू देतो, या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी असू शकतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला आढळले नाही.

दुसरे मुख्यालय घणसोलीचे. २०१० सालच्या ब्रॉडबँड लिलावात देशातील सर्व २२ दूरसंचार मंडळांचा स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा पट्टा, जिंकणारी इन्फोटेल ब्रॉडबँड ही कंपनी तोवर सर्वसामान्यांस अपरिचित होती. लिलावाचा निकाल लागताच तिचा ताबा रिलायन्स उद्योगसमूहाने घेतला, आणि तिचेच पुढे जिओ झाले. घणसोलीच्या आवारात २७ डिसेंबर २०१५ रोजी ही सेवा प्रथम कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुरती खुली करण्यात आली, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, सर्व जनतेला. या जाळ्याची विशेषता अशी की त्याच्या खाली दुसरी किंवा तिसरी पिढी नाहीच. इतर कंपन्यांच्या ग्राहकाचा फोन त्या काळी एक विचित्र वर्तन करी: चौथ्या पिढीवर चित्रफीत चाललेली असता कोणाचा फोन आला, की पडद्यावरचे '४जी' लोपून तेथे 'एच' किंवा 'ई' अवतरे, संभाषण संपेपर्यंत इंटरनेट मंदावे किंवा थांबे, आणि मग पुन्हा '४जी' परत येई. त्याचे कारण, चौथ्या पिढीची रचनाच मुळी केवळ माहितीची पाकिटे वाहून नेण्यासाठी झालेली असल्यामुळे तिला जुन्या अर्थाने 'कॉल' ठाऊक नव्हता, आणि आवाजासाठी फोनला जुन्या पिढीच्या आश्रयास जावे लागे. घणसोलीच्या कंपनीपाशी असा आश्रयच नव्हता. सबब तिला आवाजही माहितीच्याच पाकिटांत बांधून पाठवावा लागला, आणि 'व्होल्टी' ही जोडखूण भारतातील घराघरांत पोहोचली ती या अपरिहार्यतेतून. ज्यांच्या ४जी फोनमध्ये ही सोय नव्हती, त्यांना साधे बोलण्यासाठीसुद्धा एक निराळे अॅप उघडावे लागे.

आता पिढ्यांच्या वंशावळीकडे वळू. पहिली पिढी, म्हणजे आवाज तसाच्या तसा रेडिओलहरीवर चढवणारी, १९७९ साली टोकियोत, १९८१ साली स्कँडिनेव्हियात आणि १९८३ साली शिकागोत सार्वजनिक वापरात आली. भारताच्या वाट्याला ती आलीच नाही. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातील रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीतील संचार भवनात दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी जे संभाषण केले, ते एकदम दुसऱ्या पिढीवर, जीएसएमवर, झाले. मुंबईचा परवाना दोन कंपन्यांना मिळाला होता, बीपीएल आणि हचिसन मॅक्स. मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि तो फोन करणाऱ्यालाच काय, घेणाऱ्यालाही पडे. येणारे कॉल सर्वत्र निःशुल्क झाले ते मे २००३ पासून. अगदी आरंभीच्या वर्षांत पडद्याच्या कोपऱ्यात अक्षर नव्हतेच. होत्या त्या फक्त रेंजच्या दांड्या, कारण फोन केवळ बोलण्यासाठी होता आणि बोलणे एकतर होई किंवा होत नसे.

अक्षराची गरज भासू लागली ती माहितीची वाहतूक सुरू झाल्यावर. 'जी' हे अक्षर जीपीआरएस या सोयीचे. प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस किलोबिट मिळाले तर भाग्य मानावे, म्हणजे आजचे एक मेगाबाइटचे लहानसे छायाचित्र उतरवून घेण्यास तीन-चार मिनिटे. 'ई' हे एजचे. तेच छायाचित्र मिनिटभरात. (येथे एक गोष्ट नमूद करून ठेवतो, कारण तिच्यापायी पुष्कळ वितंडवाद होतात: कंपन्या वेग सांगतात तो बिटांत, फोन फाइलचा आकार दाखवतो तो बाइटांत, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात; तेव्हा जाहिरातीतील आकड्याला आठाने भागण्याची सवय ज्याने लावून घेतली त्याचा अर्धा मनस्ताप टळला.) नंतर '३जी', मग 'एच' आणि 'एच' पुढे अधिकचे चिन्ह, ही तिन्ही एकाच तिसऱ्या पिढीची रूपे असून शेवटच्याचा वेग कागदोपत्री २१ मेगाबिटपर्यंत आणि क्वचित त्याहून वर जाई. याच्या पुढचे 'एलटीई' आणि '४जी' हे एकाच वस्तूचे दोन लेख होत. कोणत्या फोनवर कोणता उमटावा हे फोन बनविणारा आणि सिम देणारी कंपनी यांच्यात ठरते. अक्षरांशेजारी जे दोन बारीक बाण लुकलुकतात, त्यांतील खाली वळलेला बाण माहिती येत असल्याचे आणि वर वळलेला ती जात असल्याचे दर्शवितो. माझ्या मते सबंध पडद्यावरील सर्वांत प्रामाणिक खूण हीच, कारण ती काय होऊ शकेल हे न सांगता काय होत आहे तेवढेच सांगते; आणि नेमकी तीच बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

तिसऱ्या पिढीचे आगमन मात्र आपल्याकडे मोठ्या दिमाखात आणि मोठ्या विलंबाने झाले. सरकारी मालकीच्या एमटीएनएलने ती २००८च्या डिसेंबरात दिल्लीत आणि पुढील वर्षी मुंबईत आणली. खाजगी कंपन्यांसाठी लिलाव झाला तो एप्रिल-मे २०१० मध्ये, ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या. एकट्या मुंबई मंडळासाठी, ज्यात नवी मुंबईही मोडते, प्रत्येक विजेत्याने ३,२४७ कोटी रुपये मोजले. सरकारी खजिन्यात पडलेल्या या रकमेचे पडसाद ग्राहकाच्या बिलात आणि कंपन्यांच्या कर्जखात्यात दीर्घकाळ उमटत राहिले. एवढे मोल देऊन आणलेली ही पिढी दशकभरही सुखाने नांदली नाही, हे पुढे येईलच.

पिढी ठरवितो कोण, हा प्रश्न येथे ओघानेच येतो. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ प्रत्येक पिढीसाठी काही किमान अटी घालून देतो. चौथ्या पिढीसाठी त्याने लावलेली मूळ कसोटी इतकी कडक होती, स्थिर ग्राहकाला सेकंदाला एक गिगाबिट आणि वेगाने प्रवास करणाऱ्याला शंभर मेगाबिट अशी, की जगात '४जी' या नावाने जे विकले जात होते त्यांतील काहीच तिला उतरत नव्हते. परंतु बाजार थांबण्यास तयार नव्हता, आणि डिसेंबर २०१० मध्ये संघानेच पड खाऊन असे मान्य केले की, एलटीई आणि सुधारलेली तिसरी पिढी यांनाही ते नाव लावण्यास प्रत्यवाय नाही. मग अमेरिकेत याचा पुरेपूर लाभ उठविला गेला: २०१२ साली तेथील एटी अँड टी कंपनीच्या आयफोनवर एका रात्रीत '४जी' झळकू लागले, वस्तुतः खालचे जाळे तिसऱ्याच पिढीचे होते, आणि २०१९च्या आरंभी त्याच कंपनीने चौथ्या पिढीच्या फोनांवर '५जी ई' अशी खूण उमटवली, जी जाहिरातींत वापरू नये असा निर्णय तेथील जाहिरात-परीक्षण मंडळाला पुढील वर्षी द्यावा लागला. या कथा परदेशच्या असल्या तरी त्यांतील तत्त्व सार्वत्रिक आहे. अक्षर बदलले की जाळे बदललेच असे नाही, कारण अक्षर बदलण्यास सॉफ्टवेअरची एक दुरुस्ती पुरते.

पाचव्या पिढीत हा प्रश्न अधिक सूक्ष्म झाला, आणि पुस्तिकेतील सर्वांत दीर्घ प्रकरण मी त्यालाच दिले आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते या सेवेचा प्रारंभ झाला. त्या सोहळ्याशी पनवेलची एक शाळा दुरून जोडलेली होती. त्याच दिवसापासून एअरटेलने, आणि विजयादशमीपासून, ५ ऑक्टोबरपासून, प्रायोगिक स्वरूपात जिओने मुंबईत सेवा देण्यास आरंभ केला. परंतु दोघांनी घेतलेल्या वाटा भिन्न होत्या. जिओने पाचव्या पिढीचे स्वतंत्र जाळे, तिच्या स्वतःच्या गाभ्यासह, म्हणजे मनोऱ्यांमागील मुख्य यंत्रणेसह, उभारले. एअरटेलने आरंभी चौथ्या पिढीच्या विद्यमान गाभ्यावरच पाचव्या पिढीचे अँटेना चढविले. ही दुसरी वाट लबाडीची नव्हे. जगातील बहुतेक कंपन्यांनी प्रथम तीच धरली, कारण तिच्यात खर्च कमी आणि झपाटा अधिक. तिचा खुणेवर मात्र एक चमत्कारिक परिणाम होतो. अशा जाळ्यात फोन नांगरलेला असतो तो चौथ्या पिढीच्या मनोऱ्याशी, आणि तो मनोरा आपल्या नित्याच्या प्रक्षेपणात एका बिटाची सूचना देत असतो की, येथे पाचवी पिढी उपलब्ध असू शकेल. 'असू शकेल' एवढाच त्या बिटाचा अर्थ. फोनने '५जी' केव्हा लिहावे याचे चार पर्याय उद्योगाने मांडले होते: एका टोकाला, प्रत्यक्ष पाचव्या पिढीवर जोडणी झाली तरच, दुसऱ्या टोकाला, त्या बिटाची नुसती चाहूल लागली तरीही, आणि यांपैकी कोणता पर्याय स्वीकारावयाचा हे ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर सोपविले. दुकानावरची पाटी आत कोणता माल विकला जातो ते सांगते, पिशवीत किती पडला ते तराजू सांगतो. आणि येथे तर पाटी रंगविणारा व तराजू धरणारा एकच.

सरकारी व्याख्येने या बाबतीत ग्राहकाला कितपत आधार दिला आहे तेही पाहण्याजोगे आहे. आंतरराष्ट्रीय संघाने पाचव्या पिढीसाठी कमाल वेग २० गिगाबिट आणि दाट वस्तीतील ग्राहकाला प्रत्यक्ष जाणवावा असा वेग १०० मेगाबिट, अशी अपेक्षा लिहून ठेवली आहे. आपल्याकडे 'ब्रॉडबँड' या संज्ञेला पात्र ठरण्यासाठी जानेवारी २०२३ पर्यंत ५१२ किलोबिट पुरत, आणि तेव्हापासून किमान दोन मेगाबिट लागतात. या दोन व्याख्यांमधील अंतरात कोणत्याही कंपनीला कोणतेही अक्षर निर्धास्तपणे लिहिता येते.

दांड्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण गैरसमज तेथे सर्वाधिक आहेत. किती सामर्थ्याच्या लहरीला किती दांड्या द्याव्यात याचा कोणताही बंधनकारक शिरस्ता नाही. प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने हिशेब करतो, आणि जुलै २०१० मध्ये अॅपलसारख्या कंपनीला जाहीर पत्र काढून आपले गणित चुकीचे असल्याचे, पुष्कळदा दोन दांड्या जास्तच दाखविल्या जात असल्याचे, मान्य करावे लागले. लहरीचे सामर्थ्य मोजतात ते डीबीएम या एककात, उणे आकड्यांत, आणि त्यातील दहाचा फरक म्हणजे दहापट फरक. उणे ९० वरून उणे ११० वर घसरलेल्या फोनला पूर्वीच्या शंभराव्या हिश्शावर भागवावे लागते, जरी पडद्यावर दोनच दांड्या गळालेल्या दिसल्या. शिवाय दांड्या सांगतात ती मनोऱ्याच्या आवाजाची खणखणीतता; त्याच्या पुढे किती जण हात पसरून उभे आहेत हे त्या सांगत नाहीत. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तशा रात्री चाळीस-पंचेचाळीस हजार माणसे एकाच क्षणी एकच चित्रफीत घरी धाडू पाहतात. मनोरा हाकेच्या अंतरावर असतो, दांड्या भरगच्च असतात, अक्षर उत्तम असते, आणि बाण निपचित. एका मनोऱ्याचा स्पेक्ट्रम त्याच्या छायेतील सर्वांत वाटला जातो, हे एवढे सत्य ध्यानी आले की अशा वेळी फोन बंद करून चालू करण्याचा खटाटोप कोणी करणार नाही.

भूगोलाचे म्हणणेही ऐकावे लागते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तर पाचव्या पिढीत मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपासच्या लहरीची जेमतेम नऊ. पहिली भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, दुसरी विपुल माहिती वाहते पण काँक्रीटपुढे हार खाते. आता सिडकोने स्थानके बांधली ती कशी, तर वाशीला फलाटांच्या डोक्यावर कार्यालयांचे मजले, बेलापूरला प्रचंड मंडप, आणि सीवूड्सला तर पुढे स्थानकाच्या अंगाखांद्यावर अख्खा मॉल वाढला. या वास्तूंच्या पोटात शिरणाऱ्याचे अक्षर उतरावे यात नवल नाही. पूर्वेकडे पारसिकच्या आणि खारघरच्या डोंगरांची भिंत, त्यांच्या पायथ्याशी सावलीत गेलेले काही सेक्टर. पश्चिमेस खाडी, जिच्या उघड्या पाण्यावरून लहरी इतक्या दूर जातात की पुलावरच्या लोकलमध्ये बसलेल्याचा फोन दोन्ही तीरांवरील मनोऱ्यांत निवड करता करता गांगरतो. या अडचणींवर इलाज म्हणून काही सोसायट्या बाजारातून 'बूस्टर' आणून गच्चीवर बसवितात. तो परवान्याशिवाय बसविणे बेकायदेशीर आहे, आणि आपल्या जिन्यात दोन दांड्या वाढविण्यासाठी तो शेजारच्या चार इमारतींच्या लहरींत कालवाकालव करतो, हे त्या सोसायट्यांच्या सभांत सहसा कोणी सांगत नाही.

भूगोलाखेरीज एक सरहद्दही आहे, आणि ती नकाशावर कोठे दिसत नाही. दूरसंचाराच्या कारभारासाठी देशाचे २२ सुभे, म्हणजे वर आलेली मंडळे, पाडण्यात आले. त्यांत मुंबई एक, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरा. नवी मुंबई पहिल्यात. पनवेल मागे टाकून खोपोलीच्या घाटाकडे निघालेला प्रवासी वाटेत केव्हातरी दुसऱ्यात शिरतो. आज त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु पंधरा-वीस वर्षांपूर्वी अक्षराशेजारी रोमन 'आर' उमटे, रोमिंगचे निराळे पैसे कापले जाऊ लागत, आणि पुण्याला मुलीकडे निघालेली मंडळी पनवेलच्या थांब्यावरच घरी फोन करून 'आता पोचल्यावरच बोलू' असे सांगून फोन मिटवीत. जकातनाके उठले, तसा हा नाकाही उठला.

राहता राहिली ती या वंशावळीतील सर्वांत मोठी विसंगती. साधारण समजूत अशी की जुनी पिढी आधी जाते. आपल्याकडे उलटे घडले: एअरटेलने २०१९ साली कोलकात्यापासून आरंभ करून तिसरी पिढी देशभर बंद केली आणि दुसरी राखली. कारण निव्वळ हिशेबी आहे. तिसऱ्या पिढीला एका वाहक-लहरीसाठी पाच मेगाहर्ट्झचा अखंड पट्टा लागतो, दुसरीला केवळ २०० किलोहर्ट्झच्या फटीत बसता येते. माहितीचे काम चौथीने अधिक चांगले उचलले, आणि साध्या फोनवरचे बोलणे दुसरीने पूर्वीपासून सांभाळलेच होते. मधल्या पिढीला, जिच्यासाठी ३४ दिवस बोली लागली होती, कामच उरले नाही. बटणांचा फोन वापरणारे कोट्यवधी लोक, दुकानांतील कार्ड घासण्याची जुनी यंत्रे, कित्येक वीजमीटर हे सर्व अजून दुसऱ्या पिढीच्या आश्रयाने आहेत, आणि 'ई' हे अक्षर दिसताच तोंड वाकडे करणाऱ्याने हे विसरू नये की ओटीपीचा लघुसंदेश वाहून आणण्यास तेवढेही पुरते. अमेरिकेत याच्या नेमके उलट धोरण पडले. एटी अँड टीने दुसरी पिढी २०१७च्या आरंभालाच संपविली. न्यू जर्सीत मुलाकडे सहा महिन्यांसाठी जाणारे आईवडील आपला विश्वासू साधा फोन बरोबर नेतात आणि तेथे उतरल्यावर त्याच्या पडद्यावर काहीच उमटत नाही, त्याचे कारण बहुतेक हेच. दुसरी पिढी आपल्याकडेही बंद करावी, असा आग्रह जिच्यापाशी ती मुळात नाही ती घणसोलीची कंपनी धरून आहे. त्या आग्रहाचे वजन करताना तो कोणाचा आहे हे पाहिले पाहिजे, आणि तो फेटाळण्यापूर्वी, जुन्या फोनवर अडकून पडलेल्या ग्राहकाला नव्या सोयी मिळत नाहीत हा त्यातील खरा भागही मान्य केला पाहिजे.

या पुस्तिकेत काय नाही तेही सांगून ठेवतो. मनोऱ्यांच्या प्रारणाचा वाद मी बुद्ध्याच बाहेर ठेवला आहे. त्याविषयी एवढीच नोंद पुरे की, १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात त्यावरील मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणलेली आहे. कोणत्या कंपनीचे सिम घ्यावे, याचेही उत्तर येथे मिळणार नाही, कारण ते सेक्टरागणिक आणि पुष्कळदा मजल्यागणिक निराळे येते. त्यासाठी सेवेच्या गुणवत्तेसंबंधीच्या, दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०२४च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर पिढीवार व्याप्तीचा नकाशा ठेवणे भाग पडले आहे, तो पाहावा. नकाशा हेही कंपनीचेच निवेदन असल्यामुळे शेजाऱ्यालाही विचारावे.

प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांना इतिहासाचा कंटाळा असेल त्यांनी खुशाल शेवटचे प्रकरण आधी उघडावे. सेटिंगमध्ये शिरून फोनला चौथ्या पिढीवरच थांबण्यास कसे फर्मावावे, पाचवीच्या काठावरील घरात त्यामुळे बॅटरी कशी वाचते, आणि डीबीएमचा आकडा कोणत्या पानावर दडलेला असतो, हे तेथे पायरी-पायरीने दिले आहे. फोनगणिक त्या पानांची नावे थोडी बदलतात. ज्यांना ती सापडणार नाहीत त्यांनी घरातील नातवाला हाक मारण्यास संकोच करू नये, मात्र ते पान त्याला उघडू न देता, त्याच्या सांगण्यावरून आपल्याच बोटाने उघडावे.

नेरुळ, नवी मुंबई